एकवीस म्हणेपर्यंत

काचेच्या डोंगराच्या पायथ्याशी, जिथे ऊन जमिनीवर टेकायच्या आधी दहा ठिकाणी उड्या मारून घेतं, तिथे बिलोरपूर नावाचं गाव होतं. त्या गावात आरसे घडत. लांबोळके, गोलमटोल, पिटुकले, भिंतभर. आणि घडवणाऱ्यांच्या घरात मात्र भांग पाडायलासुद्धा आरसा नसे. पोरी एकमेकींच्या वेण्या घालत आणि चांगली दिसतेस गं, असं एकमेकींना सांगत. आपण खरंच कशा दिसतो ते कुणालाच नीट माहीत नव्हतं.

बिलोरपूरची खरी ख्याती होती जुन्या आरशांची. जुने म्हणजे खरे जुने नव्हेत, नव्याचे जुने केलेले. आता तुम्ही विचाराल, नवाकोरा आरसा मुद्दाम कोण खराब करून घेतं? बाळांनो, ज्यांच्याकडे सगळं नवं असतं ना, त्यांना जुन्याची फार हौस असते. नव्या बंगल्याच्या भिंतीवर डागाळलेला, धुरकट, कडांना तांबूस झालेला आरसा लावला की पाहुण्यांना वाटतं, वा, काय खानदानी घर आहे. शिवाय त्यात आपला चेहराही जरा मऊ दिसतो, सुरकुत्या धुक्यात जातात. म्हणून लोक त्याला साध्या आरशाच्या चौपट भाव देत.

हे काम भिवा करी. चकचकीत आरसा पालथा घालायचा, पाठीवरचा काळा रंग खरवडून काढायचा. खाली चांदीचा तलम थर लागतो, तो मागूनही तसाच लखलखतो. त्यावर तेजाबात भिजवलेला बोळा हलकेच टिपायचा आणि मोजायला लागायचं, एक, दोन, तीन. बरोबर एकवीस म्हणताच भसकन पाणी ओतायचं. अठराला ओतलं तर डाग कोवळे राहतात, आणि तिशीपर्यंत रेंगाळलं तर चांदी साफ खाऊन जाते, हातात उरते नुसती खिडकीची काच. डाग जमले की पाठीवर पुन्हा काळा रंग फासायचा. भिवाचे एकवीस कधी चुकले नव्हते. तो मोजी आणि त्याची आठ वर्षांची लेक शेवंती, म्हणजे शेवू, समोर कळशी उचलून उभी राही. "एकवीस" ऐकलं की तिचे हात आपोआप तिरपे होत.

शेवूची आई सुंद्रा हेच काम करायची. तेजाबाच्या वाफेने तिला खोकला धरला आणि शेवू अडीच वर्षांची असताना ती गेली. तिचा फोटो नव्हता. तेजाबाशी काम करणारे सगळेच नाकातोंडावर फडकं बांधत, आणि आई दिवसभर कारखान्यातच असायची, त्यामुळे शेवूला ती आठवायची ती अर्धीच. वर दोन डोळे आणि त्यांच्याखाली निळं, पिवळ्या ठिपक्यांचं फडकं. आईचे ओठ कसे होते, हनुवटी कशी होती, हसताना तोंड कसं व्हायचं, काही काही आठवत नसे. ते फडकं ज्या निळ्या लुगड्यातून फाडलं होतं, त्याचा उरलेला तुकडा शेवूने उशाशी जपून ठेवला होता. आईला एकदा पुरती बघायची, एवढं एकच तिला हवं होतं.

कारखान्यामागे एक इवलीशी बाग होती. होती आपली म्हणायला. आरसे धुतलेलं पाणी मोरीतून तिथल्या तळ्यात जाई आणि तेजाबाने झाडांची मुळं जळत. एक जास्वंद, एक मोगरा आणि एक लंगडी कर्दळ एवढी तीन कशीबशी तग धरून होती. शेवू लांबच्या विहिरीवरून घरासाठी दोन कळश्या आणी आणि तिसरी खेप त्या तीन झाडांसाठी करी. लोक हसत. मरायचं ते मरणारच, कशाला पाणी दवडतेस, असं म्हणत. शेवू म्हणे, त्यांना तहान लागली आहे ना, मग झालं तर.

एका सकाळी ती मोगऱ्याला पाणी घालत होती. कोवळं ऊन तळ्यावर पडलं होतं आणि पाण्यावर नेहमीसारखी चांदीची साय तरंगत होती. ती साय हळूच गोळा झाली, वर उठली, फिरकी घेऊन तिने चमचमता झगा केला, आणि बोटभर उंचीची एक परी मोगऱ्याच्या पानावर येऊन बसली. तिचे केस रुपेरी होते, गाल शिंपल्यासारखे गुलाबी होते आणि हलली की तिच्या अंगावरून निळे, जांभळे, सोनेरी कवडसे उडत. पंख मात्र ठिकठिकाणी जळाले होते.

परीने आपली ओळख करून दिली. आरशांवरून धुऊन निघालेली सगळी चमक या तळ्यात येते, तिचीच ती बनली होती. इतकी वर्षं तेजाबात पोळत पडली होती. शेवूच्या रोजच्या कळशीभर पाण्याने तिला उठून बसण्याइतका जीव आला होता.

"तू मला न मागता दिलंस," परी म्हणाली. "आता तू माग. पंख दोन, म्हणून इच्छाही दोन. एक पुरी झाली की एक पंख जाईल. पहिली दुसऱ्या कुणासाठी मागायची, दुसरी हवी तर स्वतःसाठी. दोन्हींच्या मध्ये एक महिना जाऊ द्यायचा, मला सावरायला हवं. आणि एकदा मागितलेलं परत घेता येत नाही, बरं का."

शेवूने श्वासही न घेता विचारलं की आईला परत आणता येईल का. परीने नाही म्हणून मान हलवली. गेलेलं माणूस तिला आणता येत नव्हतं. पण आरशांनी जे जे पाहिलं ते सगळं तिच्याजवळ होतं, आणि सुंद्रा तर वर्षानुवर्षं आरशांवर वाकून उभी राहिली होती. दुसरी इच्छा मागशील तेव्हा दाखवीन, पुरती दाखवीन, असं परीने कबूल केलं.

पहिली इच्छा शोधायला शेवूला लांब जावं लागलं नाही. गावाच्या वरच्या अंगाला कनकबाईंनी नवा महाल बांधला होता. इतका नवा, की चुन्याचा वास अजून नाकात जाई. दिवाणखान्याची एक अख्खी भिंत त्यांना जुन्या आरशांची हवी होती, चाळीस चौकोनी आरसे, आणि बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की सात पिढ्या इथे नांदल्या. घर सजवणारे निळकंठसाहेब त्यांच्या दिमतीला होते. पण भिवाची नजर वाफेने अधू होत चालली होती. गरम भाताचं झाकण उघडल्यावर समोर येते तशी वाफ त्याला आता कायमच दिसे. त्याचे डाग नीट पडेनात. कनकबाईंनी पहिले आरसे परत धाडले. "डाग घातल्यासारखे दिसतात, पडल्यासारखे दिसत नाहीत," असा निरोप आला. बघा, माणसं तेजाबाने पोळून डाग पाडतात आणि बाईसाहेबांना ते आपसूक पडलेले हवेत. पुढची खेप जमली नाही तर भिवाला काढून टाकू, असं कारखान्याच्या मालकाने बजावलं. काम गेलं की कारखान्याच्या आवारातली खोलीही जाणार होती.

"माझ्या बाबांच्या आरशांना खरं म्हातारपण येऊ दे," शेवूने मागितलं.

म्हातारपण एकटं येत नसतं, ते आठवणी घेऊन येतं, असं परीने बजावलं. शेवू म्हणाली, येऊ देत की, आठवणी काय चावतात? मग परीचा डावा पंख झिरमिर झिरमिर विरघळला, त्याची रुपेरी भुकटी वाऱ्यावर उडाली आणि कारखान्याच्या खिडकीतून आत गेली.

त्या खेपेचे आरसे काय सांगू तुम्हाला. कुठे पावसाळी ढगांचा करडा रंग, कुठे चहाच्या डागासारखी सोनेरी कड, कुठे इवले इवले काळे तीळ. निळकंठसाहेब भिंतीसमोर उभे राहिले आणि एकेका डागावरून बोट फिरवून बघू लागले. कनकबाईंनी पाहुणे बोलावले. हे आरसे आमच्या आजेसासूबाईंच्या वेळचे, असं त्या बेधडक सांगू लागल्या. भिवाची नोकरी टिकली. शेवू दिवस मोजू लागली.

आणि मग आरशांना आठवू लागलं. दुपारची तिरपी उन्हं भिंतीवर आली की डागांच्या मधून चेहरे वर येत. पण ते काही शालू नेसलेल्या आजेसासूबाईंचे नव्हते. नाकातोंडावर फडकी बांधलेल्या, घामाने निथळणाऱ्या, डोळे चोळणाऱ्या बायका. परीच्या भुकटीतली चमक ज्या आरशांची होती, त्यांनी बिचाऱ्यांनी दुसरं पाहिलं तरी काय होतं? भर जेवणावळीत एका पाहुणीने बोट दाखवून विचारलं, या तुमच्या घरातल्या कोण? कनकबाईंनी घाईघाईने पडदे ओढायला लावले.

दुसऱ्या दिवशी भिवाला बोलावणं आलं. आरसे उतरवून मागच्या अंगणात मांडले होते. पुन्हा एकदा तेजाब लाव आणि ती तोंडं पुसून टाक, डाग तेवढे राहू देत, असा हुकूम होता. कनकबाई स्वतः पायरीवर खुर्ची टाकून बसल्या. त्यांना मजूर बायकांचे डाग चालत होते, चेहरे तेवढे नको होते.

योगायोग असा, की त्याच दिवशी महिना पुरा झाला होता. शेवूने विहिरीतून भरून आणलेल्या कळशीत परी हसत बसली होती, शेवूशिवाय कुणालाच दिसत नव्हती. एकच पंख, पण कसा लखलखत होता. शेवूची इच्छा ओठांवर तयार होती. काम उरकलं की बागेत जाऊन मागायची, असं तिने ठरवलं होतं. भिवाने एकेक आरसा टेबलावर पालथा घातला, रंग खरवडला, बोळा टिपला, एकवीस मोजले, शेवूने पाणी ओतलं. एकेक बाई धुक्यात मिसळून गेली. शेवूला वाईट वाटत होतं, पण बाईसाहेब बघत होत्या आणि शेवूला काम कळत होतं, बोलायचं कसं ते कळत नव्हतं.

सतराव्या आरशावर भिवाने बोळा टिपला आणि मोजायला सुरुवात केली. उन्हाची तिरीप चांदीवर पडली. आतून दोन डोळे वर आले, आणि त्यांच्याखाली निळं, पिवळ्या ठिपक्यांचं फडकं.

"बाबा, थांबा," शेवू कुजबुजली. "यात आई आहे."

"चार," भिवा म्हणाला. त्याने डोळे किलकिले करून आरशावर मान वाकवली. "कुठे गं? मला नुसतं पांढरं दिसतंय. पाच. मला दिसत असतं तर मीही एकदा बघितली असती गं तिला. सहा."

शेवूने कळशीत पाहिलं. परी उठून उभी राहिली होती. आता मागायचं ते मागून टाक, असंच जणू ती सांगत होती. आईचं फडकं खाली होऊ दे, एवढं म्हटलं की झालं. पण बाबांचं ते वाक्य कानात अडकून बसलं होतं. आणि शेवूने भराभर विचार केला, आठ वर्षांच्या शहाण्या मुली करतात तसा. बाबांना दिसलं तर ते आईला ओळखतील. ओळखलं की लगेच पाणी ओता म्हणतील, आरसा वाचेल. मग बाईसाहेब काही का म्हणेनात, बाबा तो घरी नेतील. बाबांनाही आई मिळेल आणि मलाही. एका इच्छेत दोघांचं काम होईल.

"बाबांचे डोळे बरे होऊ देत," ती म्हणाली.

"नक्की?" परीने विचारलं. "मग तुझ्यासाठी काही उरणार नाही हं, राणी."

शेवूने हो म्हणून मान हलवली. भिवा सात म्हणाला, आठ म्हणाला. कळशीतून प्रकाशाचं कारंजं उसळलं, मोतिया, केशरी, आभाळी, आणि परीचा उजवा पंख विरघळला, मग रुपेरी केस, मग शिंपल्यासारखे गाल. चिमुकला चेहरा सर्वांत शेवटी गेला. तो हसत नव्हता. अंगणभर क्षणभर लख्ख झालं आणि कळशीत नुसतं विहिरीचं पाणी राहिलं.

"नऊ," भिवा म्हणाला आणि त्याची नजर उघडली.

शेवू त्याच्याकडे बघत होती. त्या डोळ्यांवरची वाफ निघून गेली होती आणि ते काळेभोर झाले होते. त्याने आरशात पाहिलं. त्याचे ओठ फाकले, आणि भिवा हसला. शेवूने बाबांना असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. आता थांब म्हणतील, आता ओत म्हणतील, म्हणून कळशी उचलून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पण भिवा काहीच म्हणाला नाही. जन्मात पहिल्यांदा तो मोजायचं विसरला होता. आणि पाणी ओतायचं ते एकवीस ऐकल्यावर, हे शेवूच्या हातांना इतकं पाठ होतं की ते हललेच नाहीत.

भिवाचं हसू विझलं तेव्हा शेवूने खाली पाहिलं. चांदी खाऊन गेली होती. चौकटीत स्वच्छ, पारदर्शक काच होती आणि तिच्यातून खालच्या टेबलाच्या फळ्या दिसत होत्या. तिने तरीही सगळी कळशी त्यावर ओतली.

कनकबाई ताडकन उठल्या. पण तेवढ्यात निळकंठसाहेब पुढे झाले, त्यांनी काच उचलून उन्हात धरली आणि मान डोलवली. एकोणचाळीस धुरकट आरसे आणि मधेच एक कोरी काच, तिच्यातून मागची उघडी भिंत दिसते, असं कुणाच्या घरी नाही, असं ते म्हणाले. कुणाच्या घरी नाही, एवढं ऐकल्यावर कनकबाई शांत झाल्या. काच भिंतीवर चढली. पाहुणे तिच्यासमोर उभे राहून किती खोल अर्थ आहे म्हणू लागले. वर्षभरात साऱ्या मुलखात जुन्या आरशांच्या भिंतीत एक कोरी काच बसवायची टूम निघाली, आणि ते काम भिवाशिवाय कुणाला येत नाही, असंच सगळे मानू लागले. फार वेळ थांबलं की होतं, हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

तर बाळांनो, चांगल्याचं भलं झालं. परीकथेत होतंच ते. भिवाचे डोळे पोरासारखे तेज झाले. त्याने वाऱ्याच्या वाटेवर स्वतःचा कारखाना काढला, तेजाबाचं पाणी चुन्याच्या खड्ड्यात मुरवलं आणि जुन्या तळ्याकडची मोरी बुजवून टाकली. मोगरा टपोऱ्या कळ्यांनी डवरला, जास्वंद लालेलाल झाली, कर्दळ लंगडायची थांबली. शेवूला मखमली परकर मिळाला, लाल बूट मिळाले, शाळा मिळाली. घरात आरसासुद्धा आला, अगदी नवा. तळ्यावर ती रोज जाई, पण तिथे आता साधं पाणी होतं आणि बेडूक होते.

भिवा त्या दुपारबद्दल कितीतरी दिवस बोलला नाही. बोललं तर ती आठवण उडून जाईल, असं त्याला वाटत असावं. शेवूही विचारायला धजेना. मग एका संध्याकाळी दोघं जेवायला बसली होती. भिवाने तिच्या ताटात भात वाढला आणि आपल्याशीच हसल्यासारखा हसला.

"पाहिलंस ना तू, तिने फडकं खाली केलं तेव्हा?" तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्याकडे बघेल. पण ती सगळा वेळ तुझ्याकडेच बघत होती. तुझ्याकडे बघून कशी हसली गं. पाहिलंस ना?"

शेवूच्या हातातला घास तसाच राहिला. बाबांचे काळेभोर डोळे तिच्याकडे लागले होते, आणि ते किती सुखात होते ते तिला दिसत होतं.

"पाहिलं, बाबा," ती म्हणाली आणि जेवू लागली. आता आई हसताना कशी दिसत होती, ते त्यांना कधीच विचारता येणार नव्हतं.